जिवाणी आणि जिवाणू

गेवराई तालुक्यातील आमच्या मूळ गावी वाड्याच्या मागील अंगास एक विहीर होती. तिच्या रहाटाचा पोहरा गावातील इतर पोहऱ्यांहून निराळा होता. त्याच्या तळालाही एक कडी बसविलेली होती. पाणी शेंदून झाले की आई ते दुपदरी गळण्यातून घागरीत गाळून घेई. मग गळणे उलटे धरून त्यावर गाळलेलेच पाणी ओती आणि कापडात अडकलेले सूक्ष्म जीव एका तांब्यात उतरवून घेई. ही जिवाणी. ती काठावरून विहिरीत भिरकावून देणे आमच्या घरी चालत नसे, कारण इतक्या उंचीवरून पडताना त्या जीवांना आघात होतो. म्हणून जिवाणी पोहऱ्यात घालायची, पोहरा पाण्याला टेकेपर्यंत अलगद सोडायचा आणि मग तळाच्या कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढून तो पाण्यातच उलटा करायचा.

1972 च्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ गाठला. पिण्याचे पाणी अर्ध्या कोसावरच्या मळ्यातील विहिरीवरून बैलगाडीने येऊ लागले. त्या दिवसांतही आई जिवाणी वेगळी ठेवी आणि दुसऱ्या खेपेस निघालेल्या गाडीबरोबर ती त्या मळ्यातील विहिरीकडे पाठवी. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात त्याने परत गेले पाहिजे. एका जलाशयाचे जीव दुसऱ्यात टाकले तर ते जगत नाहीत, असे ती सांगे. गाडीवान हसत असे. मीही त्या वयात मनातून हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

हे सारे आज आठवण्याचे निमित्त मात्र माशांचे आहे. आपल्या मासिकात माशांच्या आतड्यांविषयी लेख, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मासे खाणे तर दूरच, बाजारातून जाताना त्या गल्लीला आपण वळसा घालतो. परंतु गेली काही वर्षे निवृत्तीनंतरच्या सवडीत मी या विषयावर जे वाचले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की माशाला न खाणारे आपणही त्याच्या पोटापर्यंत पोहोचलेलो आहोत. तो रस्ता आपल्या मोरीतून जातो.

प्रत्येक प्राण्याच्या आतड्यात असंख्य जिवाणू वसतीला असतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. माशाच्या बाबतीत या वसाहतीचा पाण्याशी असलेला संबंध फार निकटचा आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू ज्या पाण्यात पहिला घास घेते, त्याच पाण्यातून त्याच्या पोटातले पहिले जिवाणू येतात. पुढे आयुष्यभर ते तेच पाणी तोंडातून आत घेत आणि कल्ल्यांतून बाहेर सोडत राहते. हे जिवाणू तिथे फुकट राहात नाहीत. आपल्याकडच्या धरणांत सर्रास सोडल्या जाणाऱ्या रोहू माशाच्या आतड्यातून शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठातील संशोधकांनी असे जिवाणू वेगळे काढले, की जे पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि वनस्पतींतील चिवट काष्ठतंतू यांचे विघटन करणारी पाचकद्रव्ये तयार करतात. त्यांचा तो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्प जातीच्या माशांच्या आणि चिलापीच्या पोटात राहणारा एक जिवाणू त्यांच्यासाठी बी-12 जीवनसत्त्व बनवतो. आपल्या समाजात रक्ततपासणी केली की ज्या बी-12 च्या नावाने डॉक्टर हमखास मान हलवतात, तेच हे जीवनसत्त्व. माशाला ते पोटातच मिळते.

आता दुसरी बाजू. ट्रायक्लोसान नावाचे एक रसायन आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात ते स्वित्झर्लंडमधील एका कंपनीने विकसित केले आणि 1972 च्या सुमारास ते शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी रुग्णालयांत वापरले जाऊ लागले. तिथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पुढे मात्र ते रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडून घराघरांत शिरले. साबण, हात धुण्याचे द्रव, टूथपेस्ट, दुर्गंधीनाशक, भाजी चिरण्याच्या प्लॅस्टिक पाट्या, अगदी मुलांची खेळणी आणि पायमोजेसुद्धा. त्याचे भावंड ट्रायक्लोकार्बन हे मुख्यतः अंगाच्या वड्यांत. ट्रायक्लोसान जिवाणूंच्या एका विकरावर नेमका घाव घालते. ज्या विकराच्या साहाय्याने जिवाणू आपल्या आवरणासाठी लागणारी स्निग्धाम्ले तयार करतो, तेच बंद पडते. 1998 मध्ये ही कार्यपद्धती उलगडली, तेव्हा वैज्ञानिकांच्या लक्षात आले की हे साधे जंतुनाशक नसून त्याची चाल जवळजवळ प्रतिजैविकासारखी आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषधही क्षयाच्या जंतूतील याच घराण्यातल्या विकरावर काम करते. म्हणजे साबणाच्या फेसात सरावलेला जंतू पुढे औषधालाही दाद न देण्याची शक्यता उत्पन्न होते.

हे रसायन हात धुतल्यावर संपत नाही. पाण्याबरोबर ते मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून नदीत जाते. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली तर त्यातले बरेचसे पाण्यातून निघून गाळात उतरते. प्रक्रिया झाली नाही तर सगळेच पुढे जाते. ते पाण्यापेक्षा चरबीत अधिक विरघळते, म्हणून जिवंत प्राण्याच्या शरीरात साठत जाते. उन्हात त्याचा काही भाग डायॉक्सिन वर्गातील एका पदार्थात बदलतो.

प्रमाण किती, असा प्रश्न कोणताही व्यापारी प्रथम विचारील, आणि तो रास्तच आहे. आयुष्यभर आकड्यांत राहिल्यामुळे मीही तोच विचारला. तमिळनाडूतील कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्याची तपासणी करणारा एक शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपर्णीच्या पाण्यात ट्रायक्लोसान एका लिटरमागे 5000 नॅनोग्रॅमच्याही वर सापडले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ऐकायला हे नगण्य वाटते. म्हणून मी एक हिशेब मांडून पाहिला. 100 ग्रॅमच्या वडीत 0.3 टक्के ट्रायक्लोसान आहे असे धरू. वडीत ते 0.3 ग्रॅम झाले. एका लिटरला 1000 नॅनोग्रॅम या दराने ही एक वडी 3 लाख लिटर पाण्याला पुरते. वाटेत काही विघटन होते, काही गाळात जाते, हे वजा करावे. पण मोंढ्यातून एका दिवसात अशा किती वड्या उठतात, हे वाचकांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

इतक्या अल्प प्रमाणाने माशाला होते काय? तो मरत नाही. इथेच या गोष्टीची मेख आहे. मेलेला मासा पाण्यावर तरंगतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, पंचनामा होतो. पोटातली वसाहत उद्ध्वस्त झालेला मासा पोहत असतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटला. त्यांनी फॅटहेड मिनो या लहान गोड्या पाण्यातील माशाची पिल्ले 7 दिवस ट्रायक्लोसानमिश्रित पाण्यात ठेवली. प्रमाण मुद्दाम तेवढेच घेतले, जेवढे नद्यांत प्रत्यक्ष आढळते. सात दिवसांनी पाहिले तर पिल्लांच्या आतड्यांतील जिवाणूंचा मेळ बदललेला होता. दुसऱ्या वर्षी ओरेगन राज्य विद्यापीठातील प्रयोगात झेब्रा माशांना आहारातून हेच रसायन 4 आणि 7 दिवस दिले गेले. तिथेही थोड्या दिवसांत उलथापालथ झाली. जिवाणूंचे एक कुळ घटले आणि सुडोमोनाससारखे चिवट गट टिकून राहिले, कारण ट्रायक्लोसानला तोंड देण्याची सोय त्यांच्याजवळ उपजत असते. बँकेतील माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे चटकन कळेल. शाखेला वाईट दिवस आले की चांगले खातेदार खाते बंद करून जातात आणि थकबाकीदार तेवढे उरतात. वरवर शाखा चालू दिसते.

कोलोरॅडोच्या प्रयोगाचा उत्तरार्ध आशेचा आहे. तीच पिल्ले पुढे 2 आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवली, तेव्हा त्यांच्या पोटातील वसाहत बहुतांशी पूर्वपदावर आली. वाचून बरे वाटले. मग विचार केला, आपल्या नदीला असे दोन आठवडे मिळतात केव्हा?

बीडच्या वाचकांना बिंदुसरा दाखवायला नको. बालाघाटाच्या डोंगरातून ती येते, पालीच्या धरणात अडते आणि मग शहराच्या मधून वाहते. पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर शहरातल्या पात्रात जे वाहताना दिसते त्याला नदीचे पाणी म्हणावे की दोन्ही काठांच्या नाल्यांचे, हे पुलावर उभे राहून ज्याचे त्याने ठरवावे. बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते, सिंदफणा माजलगावच्या धरणात जाते आणि तिथून पुढे मंजरथला गोदावरीत. माजलगावच्या धरणात पैठणच्या उजव्या कालव्याचेही पाणी येते आणि त्याच जलाशयातून बीड शहराला पिण्याचे पाणी मिळते. आपण मोरीत जे सोडतो ते धरणाच्या दिशेने जाते आणि आपला नळ त्या धरणाला जोडलेला आहे. त्या धरणात रोहू, कटला, मृगळ आहेत. भोई बांधवांची पोटे त्यांवर चालतात. मृगळ तर तळाच्या गाळातच चरतो, आणि ट्रायक्लोसान बसते ते गाळातच.

मुंबईला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पंगस जातीच्या माशावर ट्रायक्लोसानचे परिणाम निरनिराळ्या तापमानांत तपासले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की पाणी जसजसे तापते तसतसे हे रसायन माशाला अधिक बाधते. आतड्यांतील जिवाणू हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. रक्त आणि पेशी तपासल्या होत्या. परंतु मराठवाड्यातील मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला त्या निष्कर्षाचा अर्थ सांगावा लागणार नाही. पाणी आटते तेव्हा विरलेले रसायन दाट होते आणि उरलेले पाणी त्याच वेळी तापलेले असते.

साबणाबद्दल बोलताना औषधांना विसरून चालणार नाही, विशेषतः आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे औषधांच्या घाऊक धंद्यात असताना. पाटोदा तालुक्यात, आपल्याच बालाघाटात मांजरा नदी उगम पावते. धनेगावच्या धरणावरून लातूर, बिदर करीत ती तेलंगणात जाते. तिथे तिला नक्कावागू नावाचा एक प्रवाह मिळतो, तो हैदराबादजवळच्या पाटणचेरू औद्योगिक वसाहतीकडून येतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी स्वीडनमधील संशोधकांनी पाटणचेरूच्या सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे 90 औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी त्या केंद्रात येत होते. प्रक्रिया होऊन बाहेर सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक एका लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडले. दिवसाला सुमारे 45 किलो औषध अशा रीतीने वाहून जात होते. तेव्हाच्या 90 लाख लोकसंख्येच्या स्वीडन देशाला साधारण 5 दिवस पुरेल इतके! इथे नॅनोग्रॅमची भाषा संपते. आपल्या डोंगरात निर्मळ जन्मलेल्या नदीला पुढे हे सोसावे लागले, हे वाचून मला त्या रात्री चैन पडले नाही. स्वस्त गोळीच्या पाकिटावर या 45 किलोंची किंमत कुठेच छापलेली नव्हती.

आता व्यवहाराकडे येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2 सप्टेंबर 2016 रोजी ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसह 19 जंतुनाशक घटक असलेले साबण व हात धुण्याचे द्रव घरगुती वापरासाठी विकण्यास मनाई केली. त्याचे कारण व्यापाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे. साध्या साबण-पाण्यापेक्षा हे साबण आजार टाळण्यास अधिक उपयोगी आहेत, आणि रोज दीर्घकाळ वापरण्यास निर्धोक आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही. साधा साबण जंतूला मारत नाही, तो मळाबरोबर त्याला हातावरून सोडवतो आणि पाणी त्याला वाहून नेते. घरात तेवढे पुरते. त्याच वर्षी युरोपीय संघानेही मानवी स्वच्छतेच्या जंतुनाशकांत ट्रायक्लोसानला मान्यता नाकारली. बेन्झाल्कोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या घटकांबाबतचा निर्णय मात्र अमेरिकेने पुढे ढकलला, आणि अनेक उत्पादकांनी एक काढून दुसरे घातले. आता वेष्टनावर ही नावेही शोधावी लागतात.

एक विसंगती मला फार दिवस बोचते आहे. लादी पुसण्यापूर्वी मऊ कुंच्याने मुंगी बाजूला सारणारी आपली घरे, चातुर्मासात हिरवी भाजी न आणणारी, सूर्यास्तापूर्वी जेवणारी, आणि त्याच लादीवर 99.9 टक्के जंतू ठार मारण्याची हमी देणारा द्रव ओतणारी. ती हमी आपण विश्वासाने वाचतो. ती कोणाविषयी आहे हे वाचत नाही. जिवाणू म्हणजे शास्त्रातील नेमके कोणते जीव, हा वाद मुनिश्रींच्या आणि पंडितांच्या प्रांतातला आहे; वाणिज्य शाखेच्या पदवीधराने त्यात पडू नये. मासा मात्र पंचेंद्रिय आहे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषाचा व्यापार आणि तलाव-सरोवरे शोषून घेणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत, हे व्याख्यानांतून आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. तलाव कोरडा करणे आणि तो भरलेला ठेवून आतून रिता करणे यांत फरक किती, हा प्रश्न मी महाराजसाहेबांसमोर ठेवला होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हा प्रश्न पर्युषणात सर्वांसमोर विचारा."

विचारला. सभा संपल्यावर मोंढ्यातील एक जुने किराणा व्यापारी मला थांबवून म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्या गोदामात वीस वर्षे माल मोजायला येत होता. तेव्हा पेट्या मोजल्या, आत काय आहे ते कधी विचारलं नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. कॅश क्रेडिटच्या मर्यादेसाठी मी दर तिमाहीस साठा तपासत असे. नग, दर, एकूण किंमत, विमा. करोनाच्या काळात तर अशा जंतुनाशक मालाची थप्पी छतापर्यंत गेलेली मी निवृत्तीनंतरही पाहिली होती आणि मनात म्हटले होते, चला, यांची उलाढाल बरी आहे.

मी त्यांना म्हणालो, "तेव्हा मलाही माहीत नव्हतं, शेठजी."

"आता माहीत झालं. पण गिऱ्हाईक येऊन जंतू मारणाराच साबण मागतं. कंपनीचं टार्गेट असतं, स्कीम असते. मी नाही विकला तर शेजारचा विकेल, आणि नदीत तो तेवढाच जाईल."

यावर माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि आजही पूर्ण नाही. मी त्यांना एवढेच सुचविले की जो माल रुग्णालयांत, जखमेसाठी, आजाऱ्याच्या खोलीसाठी लागतो तो विकावा, त्याला हरकत नाही. परंतु अंघोळीच्या आणि हात धुण्याच्या साबणात वेष्टनावरचे घटक पाहून साधा माल पुढच्या फळीवर मांडावा. साध्या साबणावर नफा कमी सुटतो, असे ते म्हणाले. वडीमागे किती कमी, हे आम्ही तिथेच कागदावर मांडले. आकडा मी इथे देत नाही, तो त्यांच्या धंद्यातला आहे. तो पाहून ते जरा वेळ बोटाने कागदावर रेघ ओढत बसले.

घरी आम्ही दोन गोष्टी बदलल्या आहेत. जंतुनाशक साबण बंद केला, त्याला तीन वर्षे झाली. नातवंडांना त्यामुळे काही अधिक सर्दी-पडसे झालेले नाही. आणि मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकण्याची जुनी सवय मोडली. ज्या औषध दुकानदाराकडे परत देता येतात त्याच्याकडे त्या देतो. डॉक्टरांनी पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले तर पाचही दिवस घेतो, आणि न दिलेले मागून घेत नाही.

मोंढ्यातले ते शेठजी परवा दिवाळीच्या मालाची यादी करीत होते, तेव्हा त्यांचा मुलगा मला दुकानात बोलावून घेऊन गेला. यादीत साबणाच्या दहा नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवीत ते मला म्हणाले, "यातलं बारीक अक्षर मला दिसत नाही. तुम्ही एकेक वेष्टन वाचून सांगा, मी खूण खोडतो किंवा ठेवतो." आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत वेष्टने वाचत बसलो.